बाजेएवढी अक्षरे

छापलेल्या अक्षराला या जगात कोणाची भीती वाटत असेल, तर ती माझ्या साडूच्या थोरल्या बहिणीची वाटत असली पाहिजे. अक्षराला घाबरणारी माणसे मी रोज पाहतो. तालुक्याच्या कचेरीसमोर कडुलिंबाखाली टेबल मांडून अर्ज, कैफियती, प्रतिज्ञापत्रे आणि विनंत्या लिहून देण्याचा माझा व्यवसाय गेली पंचवीस वर्षे त्या भीतीच्याच आधाराने उभा आहे, आणि तो मी निष्ठेने केला आहे. उमापूरपासून तलवाड्यापर्यंत असे गाव नाही की ज्याचे गाऱ्हाणे माझ्या लेखणीखालून गेलेले नाही. परंतु माणसाला पाहून अक्षरानेच अंग चोरावे, हा प्रकार मी एकाच व्यक्तीच्या बाबतीत अनुभवला. नात्याने त्या माझ्या पाहुण्या लागतात. त्या मला ‘पाव्हणं’ म्हणतात आणि मी त्यांना आक्का म्हणतो. सारा तालुकाही त्यांना आक्काच म्हणतो. फरक इतकाच की तालुका ते जरा लांब उभा राहून म्हणतो.

आक्कांचे शिक्षण कोणत्याही शाळेच्या दाखल्यावर सापडणार नाही, जरी त्यांनी शाळेत बावीस वर्षे काढली. तलवाड्याच्या अलीकडे दोन कोसांवर त्यांची वाडी आहे. तेथील शाळेत पाणी भरणे, वर्ग झाडणे आणि संध्याकाळी फळे पुसणे हे त्यांचे काम. ‘पुसायचं ते काय हाय हे कळल्याबिगर पुसायचं न्हाई’ असा नियम त्यांनी पहिल्याच वर्षी केला आणि गुरुजींना सायकलीवर बसू न देता एकेक अक्षर विचारून घेतले. परिणामी त्यांचे सारे ज्ञान शेवटच्या तासाला फळ्यावर जे उरे तेवढ्यातूनच तयार झाले. गणित सकाळी होई आणि दुपारच्या आत पुसले जाई, त्यामुळे गणिताशी त्यांची ओळख होऊ शकली नाही. शेवटच्या तासाला मात्र नागरिकशास्त्र असे; म्हणून ग्रामसेवकापासून राष्ट्रपतींपर्यंत प्रत्येकाची कर्तव्ये आक्कांना मुखोद्गत झाली. एकदा वाडीत नवे तलाठी आले. आक्कांनी त्यांना बसायला घोंगडी दिली, पाण्याचा तांब्या दिला आणि पाणी घशात असतानाच विचारले, “तलाठ्याची कर्तव्ये सांगा. कोनतीबी चार.” तलाठीसाहेबांना तीन आठवली. “बसा,” आक्का म्हणाल्या, “चवथं आठवलं की च्या टाकते.” तलाठीसाहेब त्या दिवशी चहा न घेताच परतले, असे सांगतात. मी स्वतः तेथे नव्हतो. परंतु हे साहेब पुढे बदलून जाईपर्यंत वाडीत येण्यापूर्वी काहीतरी पुटपुटत असत, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

डोळ्यांसमोर आलेले अक्षर मोठ्याने वाचल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचे नाही, ही आक्कांची दुसरी सवय. भज्यांचा कागद, खताचे पोते, औषधाची बाटली, दुकानाची पाटी, मैलाचा दगड, यांपैकी काहीही त्यांच्या तावडीतून न वाचता सुटलेले नाही. त्यांच्याबरोबर बाजारातून चालणे म्हणजे दवंडीबरोबर चालण्यासारखे असते. आणि वाचलेले पाळलेच पाहिजे, असे त्यांचे ठाम मत असल्यामुळे प्रवास तर फारच अवघड होतो. लाल गाडीत ‘चालकाशी बोलू नये’ ही पाटी वाचून त्यांनी एकदा वाहकाला चालकाशी बोलू दिले नाही. वाहक काकुळतीला येऊन म्हणाला, “आक्का, फाट्यावर मानसं उतरायची हाईत, त्याला सांगू तर द्या!” आक्का म्हणाल्या, “लिहून दे.” फाटा मागे पडला. चौघेजण पुढल्या गावाहून परत चालत आले; त्यांतला एक मी होतो. माझ्या पुतणीच्या लग्नात तर पत्रिकेवर बारा वाजून पस्तीस मिनिटे हा मुहूर्त छापलेला असताना नवरदेव अजून घोड्यावरून उतरायचाच आहे, हे पाहून आक्कांनी पत्रिका मांडवात उंच धरली आणि व्याह्यांना सुनावले, “छापलंय कशाला मंग? पाळायचं नव्हतं तर कोरी वाटायची.” व्याही गृहस्थ मानी होते. ते माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. परंतु त्यांच्या घरी पुढची दोन्ही लग्ने वेळेवर लागली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

पण आक्कांचे खरे वैर होते ते अंगठ्याशी. याला कारण घडले ते असे. वाडीत बायकांची एक दूध सोसायटी होती. अकरा बायका संचालक होत्या आणि त्यांच्या वतीने सारा कारभार सचिव म्हणून गावातले एक भाऊसाहेब पाहत. भाऊसाहेबांची पद्धत सुटसुटीत होती: ठरावाच्या वहीत कोऱ्या पानांवर वर्षाचे अंगठे एकदमच घ्यायचे आणि वरचा मजकूर सवडीने भरायचा. एका सकाळी दूध घालायचे केंद्र वाडीतून उठून दोन कोसांवर, भाऊसाहेबांच्या चुलतभावाच्या आवारात गेले. बायका डोक्यावर किटल्या घेऊन चालू लागल्या. आक्का सोसायटीच्या सभासददेखील नव्हत्या, कारण त्यांच्या दारात शेपूट असलेले असे एक मांजरच होते. तरीही त्यांनी ती वही मागून घेतली, बुद्धविहाराच्या ओट्यावर बसल्या आणि बायकांना ठराव वाचून दाखवला: ‘सर्व महिला संचालकांनी आनंदाने व एकमुखाने मागणी केल्यावरून केंद्र हलविण्यात येत आहे.’ सोजरबाई म्हणून एक साठीच्या बाई होत्या. त्या डोक्यावरची किटली खाली ठेवत म्हणाल्या, “आगं, आनंद झालता व्हय आपल्याला? मला तर कुनी सांगितलंच न्हाई.” त्या ओट्यावर बायका हसल्या आणि त्याच ओट्यावर त्यांनी शपथ घेतली की, यापुढे कोणत्याही कागदावर अंगठा द्यायचा नाही, सही येईपर्यंत कागदच थांबवायचा.

तेव्हापासून आक्का रॉकेलमध्ये भिजवलेले एक फडके पिशवीत बाळगू लागल्या. कोणाच्या अंगठ्याला निळी शाई दिसली की त्या फडके काढून तो अंगठा धुणी घासावीत तसा घासत. शाईचा पॅड दिसला तर जप्त करीत. माझ्या टेबलावरचे तीन पॅड त्यांनी नेले. परंतु आक्कांचा कारभार माझ्यापेक्षाही चोख, त्यामुळे प्रत्येक वेळी मला रीतसर पोच मिळाली. पहिली पोच मी जपून ठेवली आहे. तीत लिहिले आहे: ‘एक पॅड पोचला. परत भेटणार नाही.’ मी त्यांना समजावून सांगितले की आक्का, हे माझ्या पोटाचे साधन आहे. त्यावर त्या मला म्हणाल्या, “पाव्हणं, तुमचं प्वाट मोठं हाय, त्याला अंगठ्यावर ठिवू नका, पडंल.” माझ्या शरीरप्रकृतीविषयी झालेला हा उल्लेख मी मनाला लावून घेतला नाही.

नंतर ते दुष्काळाचे साल आले. सलग तिसऱ्या वर्षी पावसाने तोंड फिरवले, विहिरींचे तळ दिसले आणि सरकारने वाडीजवळच्या कोरड्या पडलेल्या तलावातला गाळ काढण्याचे काम सुरू केले. सोसायटीच्या अकराही जणी त्या कामावर पाट्या वाहू लागल्या, आणि शाळेच्या कामातून तेव्हा मोकळ्या झालेल्या आक्काही. पाटी-पुस्तकाला तिथे सवड नव्हती. पण तळ्याचा तळ मैलभर सपाट, काळा आणि कोरा पडलेला होता. एवढा मोठा फळा आक्कांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी खोऱ्याच्या दांड्याने त्यावर बाजेएवढी अक्षरे काढायला सुरुवात केली. बायकांना चालता चालता, डोक्यावर पाटी असताना वाचता आले पाहिजे, म्हणून अक्षर एवढे मोठे. प्रत्येकीला तिच्या नावाची जागा नेमून दिली होती. जाताना वाचायचे, येताना दांड्याने गिरवायचे. चार महिने हा वर्ग भरत होता. मी एकदा कामावर काही अर्ज घेऊन गेलो असता काठावर उभा राहिलो, तर खाली तळ्यात कौसाबाई, शांताबाई, सोजरबाई अशी नावे पेरणी केल्यासारखी पसरलेली दिसली. माझे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंत झालेले असून अक्षराविषयी मला तालुक्यात मान आहे. तरीही कबूल करतो की तेवढे मोठे काही मी कधी लिहिलेले नाही.

अडचण उद्भवली ती नवऱ्यांच्या नावांमुळे. सही म्हणजे स्वतःचे नाव आणि पुढे नवऱ्याचे नाव. आणि आमच्याकडच्या जुन्या बाया नवऱ्याचे नाव घेत नाहीत. सोजरबाईंनी खोरे खाली टाकले. “आक्का, आजवर तोंडातून काढलं न्हाई, आता काय तळ्यात लिहू?” आक्कांनी क्षणभर विचार करून निकाल दिला, “तोंडानं घ्यायचं न्हाई असं हाय ना? हातानं घेऊ नये असं कुनी म्हणलंय का? दाव लिहिलेलं.” असे लिहिलेले कोठेच नसल्यामुळे दहाजणींनी नवऱ्यांची नावे लिहिली. पण लिहिल्यावर दुसरे संकट उभे राहिले: नवऱ्याच्या नावावर पाय कसा द्यायचा? त्यामुळे भरल्या पाट्या डोक्यावर घेतलेल्या बायका सरळ वाट सोडून एकमेकींच्या नवऱ्यांना वळसे घालून जाऊ लागल्या. मुकादम काठावर बसून हैराण झाला. “अगं बायांनो, सरळ चाला की! कावून गोल गोल फिरायलात?” कौसाबाई म्हणाल्या, “मधी आमचे मालक पडलेत.” मुकादमाने खाली येऊन पाहिले, तर खरोखरच दहा मालक पडलेले होते. अकरावा मात्र तेथे नव्हता. सोजरबाई स्वतःचे नाव झकास काढीत, पण पुढची जागा त्या झाडून स्वच्छ ठेवीत आणि तिथे काही लिहीत नसत.

उन्हाळ्याच्या तोंडाला वैरण संपली. सरकारने चारा छावण्या काढायचे ठरवले आणि गावच्या सहकारी सोसायटीने मागणी केल्यास छावणी तिला चालवायला मिळेल, असे जाहीर केले. वाडीची जनावरे उभी राहणार की बाजारात जाणार, हे त्या एका अर्जावर ठरणार होते. अर्जासोबत अकराही संचालकांच्या सह्यांचा ठराव हवा होता आणि शेवटच्या दिवशी पाचच्या आत कागद कचेरीत पोचायचा होता. मसुदा अर्थातच मी केला. छावणी विहारासमोरच्या चिंचांखाली असावी, असे त्यात स्पष्ट घातले. खाली पट्टीने अकरा रेघा मारून सह्यांचा रकाना आखला, दोन बोटे रुंद. इतका नेटका कागद त्या कचेरीत त्या वर्षी दुसरा गेला नसता.

शेवटच्या दिवशी बारा वाजता अकराजणी आणि आक्का माझ्या टेबलाशी आल्या. भाऊसाहेबही आले होते, पण ते जरा बाजूला मोटारसायकलीवर बसून राहिले. पहिला मान कौसाबाईंचा. त्यांनी पदर खोचला, माझा पेन दोन्ही हातांत धरला, पाय फाकवले आणि दांड्याने ढेकूळ फोडावे तसा तो कागदावर ओढला. त्यांचा ‘कौ’ रकान्यात सुरू झाला. तेथून तो वर चढला, ‘सर्वानुमते’ या शब्दावरून गेला, त्याने चिंचा ओलांडल्या आणि त्याची मात्रा माझ्या टेबलाच्या फळीवर उमटली. एका अक्षरात कागद संपला.

“अहो बाई,” माझा तोल गेला, “ही सही आहे की नांगरट?”

“आमाला हितकंच येतंय,” कौसाबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. “बारीक कुनी शिकिवलंच न्हाई.”

मी आक्कांकडे पाहिले. आक्कांनी बायकांकडे पाहिले. चार महिने शिकवून या गोष्टीचा विचारच आपल्या मनात आला नाही, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होते. मी दुसरा कागद लिहिला. शांताबाईंनी अंग चोरून, श्वास रोखून प्रयत्न केला. त्यांचा ‘शां’ तेवढा रकान्यात बसला आणि ‘ता’ला खाली उतरून दुसऱ्या संचालकाच्या घरात जावे लागले. तोपर्यंत दोन वाजून गेले होते. आता भाऊसाहेब मोटारसायकलीवरून उतरले. त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद आणि शाईचा पॅड काढला.

“मला ठावं व्हतं हे,” ते हसत म्हणाले. “म्या ठराव लिहून आनलाय. अकरा अंगठे, दोन मिंटांचं काम हाय. कावून लोकाच्या नादाला लागून जनावरं मारता?” आणि माझ्याकडे वळून, “तू बी बे, अर्जवाल्या, शहाणा मानूस म्हणून तुझ्याकडं बघायचं, आन् तू ह्यांच्या खेळात!”

सोजरबाई पुढे आल्या. त्यांच्या घरी एक गाभण गाय होती, हे सर्वांना माहीत होते. “आक्का,” त्या म्हणाल्या, “शपथ हाय मला ठावं हाय. पर गाय मोठी का सही मोठी, सांग तूच.”

आक्कांनी सोजरबाईंच्या अंगठ्याकडे पाहिले. मग त्या हळू म्हणाल्या, “गायच मोठी, सोजर. दे.” आणि तोंड दुसरीकडे वळवून रॉकेलचे फडके त्यांनी पिशवीत आत खोल दाबले.

सोजरबाईंनी अंगठा पॅडवर टेकवला. भाऊसाहेबांनी घडी उघडून कागद पुढे सरकवला. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या कौसाबाई डोळे बारीक करून त्या कागदावर वाकल्या. चार महिने बाजेएवढे वाचण्याची सवय झालेली; बारीक अक्षर त्यांना मुंग्यांच्या रांगेसारखे दिसत असले पाहिजे. पण त्या एकेक मुंगी चिमटीत धरू लागल्या. “छा… व… णी,” त्या म्हणाल्या. “छावणी. स… चि… व. सचिव. ठ… र… व… ती… ल. ठरवतील. त्या… जा… गी…”

“ते काय नसतंय वाचायचं,” भाऊसाहेब म्हणाले आणि कागद ओढू लागले. पण तोपर्यंत सहाजणींची तोंडे त्यावर वाकली होती आणि प्रत्येकीला एकेक शब्द सापडत होता. ‘छावणी सचिव ठरवतील त्या जागी.’ म्हणजे पुन्हा दोन कोस, पुन्हा तेच चुलतभावाचे आवार. सोजरबाईंनी अंगठा वर उचलला, निळाजांभळा झालेला. त्यांनी तो भाऊसाहेबांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या छातीवर दाबला. “घ्या,” त्या म्हणाल्या, “ह्यो ठराव ठिवा तुमच्यापाशी.”

भाऊसाहेब गेले, पण घड्याळ गेले नाही. तीन वाजले होते, आणि त्या क्षणी मला जे सुचले त्याचे श्रेय मी घेतो, कारण दुसरा कोणी दावेदार नाही. मी म्हणालो, “आक्का, सही लहान होत नसेल तर कागद मोठा करू.” मी पेटीतून मोठाल्या तावांची चवड काढली आणि ठराव तिसऱ्यांदा स्वच्छ लिहिला. सह्यांच्या जागी लिहिले, ‘सह्या सोबतच्या पुरवणी पत्रकात, पाने अकरा.’ कचेरीच्या आवारात अकरा कागद ओळीने मांडून चारही कोपऱ्यांवर खडे ठेवले. बायका आपापल्या कागदासमोर उकिडव्या बसल्या आणि त्यांच्या अंगातला अवघडलेपणा एकदम गेला. जमीन त्यांच्या ओळखीची होती. दहा नावे भराभरा उमटली. अर्जदार, वकील, पक्षकार सारे भोवती जमले.

सोजरबाई ‘सोजर’ एवढे लिहून थांबल्या होत्या. पुढची अर्ध्या पानाची जागा मोकळी. साडेचार वाजत आले. कोणी म्हणाले, “मावशी, आटपा.” आक्का त्यांच्यासमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, “आधी उखाणा घे. मंग लाज सरंल.” भर कचेरीत सोजरबाई लाजल्या, पदर पुढे ओढला आणि म्हणाल्या:

“तळ्याच्या पोटात धुंडला पाझर,
किसनरावांच्या नावासंगं म्या कचेरीत हाजर.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोजरबाईंनी खाली वाकून ‘किसन’ लिहिले. शेवटचा ‘न’ थोडा कागदाबाहेर गेला. त्याखाली मी तत्काळ दुसरा कागद सरकवला.

आवक घेणाऱ्या कारकुनाने ती चवड पाहून डोक्याला हात लावला. “ह्या सह्या हाईत का दुकानाच्या पाट्या?” मी नम्रपणे विचारले, “साहेब, सही केवढ्याच्या वर नसावी, ते कलम दाखवता का?” तो पुस्तक चाळू लागला. आक्का त्याच्यासमोर खिडकीत कोपरे टेकून उभ्या राहिल्या आणि त्याला शासकीय सेवकाची कर्तव्ये सांगू लागल्या. तिसऱ्या कर्तव्यापाशी आतून साहेबच बाहेर आले. सह्या याच बायकांच्या कशावरून, असे त्यांनी विचारले. मग त्यांनी एकेक कागद हातात धरून नाव वाचले आणि आवारातून एकेक उत्तर आले, “हाजर.” अकरा वेळा. साहेबांनी चष्मा पुसला आणि शेरा मारला: ‘सह्या खऱ्या. आकार मोठा.’ पाचला सात मिनिटे कमी असताना मला पोच मिळाली. छावणी चिंचांखाली झाली, आणि सोजरबाईंची गाय तिथेच व्याली.

पुढे पाऊस आला आणि तलाव भरला. आक्कांचा फळा पाण्याखाली गेला. त्यांच्या मुलाला पुण्यात नोकरी होती. तो त्यांना आपल्याकडे घेऊन गेला. माझ्या टेबलावर आता पॅड निर्धास्त पडून असतो. वाडीच्या बाजूने येणारी माणसे आपला अर्ज स्वतः लिहून आणतात आणि मला केवळ ‘काना-मात्रा बघा’ म्हणतात. धंदा थोडा बसला आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही; असती तरी ती लिहून द्यायला मी कोणाकडे गेलो असतो?

गेल्या महिन्यात मला एक पत्र आले. मी हजारो पत्रे लिहिली, परंतु माझ्या नावाने पत्र येण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. ज्यांना मला पत्र लिहावेसे वाटले असते, त्यांना लिहिता येत नव्हते. पत्र आक्कांचे होते. ‘पाव्हणं, हितं अक्षर लई हाय पर वाचनाराला कुनी इचारत न्हाई. लिफ्टमधी लिहिलंय सहा मानसं. सातवा आला की म्या उतरिवते. पोरगा म्हणतो, आई, सोड. माज्या अकराजणी सही करत्यात का? का परत अंगठ्यावर आल्या? खरं लिहा. तुमच्या अर्जावानी लिहू नका.’

मी वाडीला जाऊन आलो. दहाजणी सही करतात, आणि आता ती रकान्यात बसते. सोजरबाई मात्र अंगठा देतात. डोळ्यांना कमी दिसते, किसनराव वारले, हात कापतो, आणि कोणी मागे लागत नाही. कोणाच्याही सोयीचा मजकूर लिहिताना माझी लेखणी कधी अडखळलेली नाही. ‘अकराही जणी’ एवढे दोन शब्द मी सहज लिहू शकलो असतो. परंतु हे पत्र त्या वाचतील, आणि मोठ्याने वाचतील, हे मला माहीत आहे. म्हणून दर रविवारी लाल गाडीने मी वाडीला जातो आणि सोजरबाईंच्या अंगणात राखेने त्यांचे नाव काढतो. त्या म्हणतात, “पाव्हणं, तुमी आक्कावानी वरडत न्हाई, म्हणून येत न्हाई बगा.” मी ओरडून पाहिले. माझ्या आवाजाला ती धार नाही. परवा त्यांनी ‘सो’ काढला आणि थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसल्या. आक्कांना पाठवायचे उत्तर मी लिहून ठेवले आहे. मसुदा पूर्ण आहे; फक्त एका संख्येची जागा मोकळी सोडली आहे.